'गेट' म्हणजे नुसतं 'मिळणे' नाही: 'मला' वरून 'गेट' पकडायची युक्ती

आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली, त्याच्या आधीची आम्ही मंडळी, बाईंनी फळ्यावर शब्दार्थ लिहून दिले आणि आम्ही ते घोकले. टेक म्हणजे घेणे, गिव्ह म्हणजे देणे, गेट म्हणजे मिळणे. संपलं. परीक्षेत दोन मार्क मिळाले आणि पुढची कित्येक वर्षं त्या एका अर्थावरच गाडी चालली.

मग नोकरीत पहिल्यांदा बाहेरच्या देशातल्या माणसाशी फोनवर बोलायची वेळ आली आणि तो एका दमात म्हणाला, "आय'ल गेट बॅक टू यू वन्स आय गेट थ्रू धिस, आय'म गेटिंग देअर." एका वाक्यात तीन गेट, आणि मी इकडे विचार करतेय की याला नक्की काय काय मिळालंय! मी "ओके ओके" म्हणून फोन ठेवला. त्याचा अर्थ पुढे येईलच.

आता मी रविवारी सोसायटीच्या हॉलमधे शेजारपाजारच्या लोकांना बोलण्यापुरतं इंग्रजी शिकवते, कॉलेजची पोरं असतात, दोन काकू आहेत ज्यांची मुलं बाहेर आहेत, एक रिटायर्ड काका आहेत जे सगळ्यात जास्त प्रश्न विचारतात. या सगळ्यांना मी पहिल्या महिन्यात एकच क्रियापद शिकवते, गेट. कारण रोजच्या बोलण्यात ते पावलापावलाला येतं, आणि ते एकदा हातात बसलं की मराठी माणसाची अर्धी अडचण सुटते असं माझं मत झालंय. खाली जे आहे ते त्याच क्रमाने आहे, घाई न करता वाचा, एका दिवसात सगळं करायला जाऊ नका.

पायरी १: आधी उच्चार आणि रूपं, पटकन

देवनागरीत सोसायटीचं गेट आणि हे गेट सारखंच लिहितो आपण, पण इंग्रजीत दोन्ही वेगळे. फाटकाचं गेट लांबवून म्हणायचं, थोडंसं 'गेइट' असं. आपलं क्रियापद एकदम आखूड, तोडल्यासारखं. मराठीत ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए असा भेद लिहायची सोय नाही म्हणून आपला हा घोळ होतो, 'पेन' लिहायचं आणि दुखण्याचा 'पेन' यातही तेच.

रूपं सोपी: गेट, गॉट, गॉट. अमेरिकेत तिसरं रूप बऱ्याचदा 'गॉटन', इंग्लंडमधे 'गॉट'च. पण 'फर्गॉटन' मात्र दोन्हीकडे. हो, फर्गेट मधलं गेट हे त्याच घराण्यातलं आहे बरं का, हातात धरलेलं निसटणं असा काहीसा त्याचा मूळ भाव. गंमत म्हणजे गेट हा शब्द इंग्रजांचा घरचा नाहीच, तो जुन्या नॉर्स भाषेतला, नवव्या शतकापासून डेन्मार्क-नॉर्वेकडची मंडळी इंग्लंडच्या उत्तर-पूर्व भागात येऊन राहिली त्यांच्याबरोबर आलेला. इंग्रजांच्या जुन्या भाषेत त्याचा भाऊबंद होता पण फक्त जोडशब्दांत, आणि त्याचा ग हा य सारखा उच्चारायचे. नॉर्स लोक आले नसते तर आज आपण कदाचित 'येट' घोकत बसलो असतो.

एक चूक आत्ताच काढून टाका: "आय डिडन्ट गॉट". डिड आला की भूतकाळ त्याने घेतला, गेट मोकळं राहतं. "आय डिडन्ट गेट", "डिड यू गेट?" हे दहा वेळा मोठ्याने म्हणा आणि पुढे चला.

अजून एक ऐकण्यासाठी: अमेरिकन माणूस 'गेट इट' म्हणत नाही, 'गेडिट' म्हणतो, 'गॉट इट' चं 'गॉडिट' होतं. सिरियल बघताना सबटायटल लावून हे एकदा कान देऊन ऐका, नाहीतर शब्द माहीत असूनही कळत नाही.

पायरी २: 'मला' ची युक्ती

हा माझा खरा मुद्दा आहे त्यामुळे इथे जरा थांबू.

मराठीत आपण स्वतःबद्दल बोलताना कितीतरी वाक्यं 'मी' ने नाही तर 'मला' ने सुरू करतो. मला भूक लागली. मला राग आला. मला कंटाळा आला. मला सर्दी झाली. मला नोकरी लागली. मला सवय झाली. मला समजलं. मला जायला मिळालं. म्हणजे आपण काही केलं नाही, ते आपल्याकडे आलं, आपल्याला झालं, आपल्याला लागलं. प्रत्येकाला क्रियापद वेगळं, लागणे, येणे, होणे, मिळणे. इंग्रजीवाले मात्र इथे 'आय' ने सुरू करतात आणि या सगळ्या वेगवेगळ्या क्रियापदांच्या जागी एकटं गेट उभं करतात:

मला भूक लागली: आय गॉट हंग्री.
मला राग आला: आय गॉट अँग्री.
मला कंटाळा आला: आय गॉट बोअर्ड.
मला सर्दी झाली: आय गॉट अ कोल्ड.
मला नोकरी लागली: आय गॉट अ जॉब.
मला सवय झाली: आय गॉट यूज्ड टू इट.
मला समजलं: आय गॉट इट.
मला झोप यायला लागलीये: आय'म गेटिंग स्लीपी.

तेव्हा डोक्यात 'मला' वालं मराठी वाक्य आलं की आधी गेट बसतं का बघायचं. बऱ्याचदा बसतं. पण एक अट आहे आणि ती महत्त्वाची: काहीतरी बदललं पाहिजे. आधी नव्हतं, आता आहे. भूक नव्हती, लागली. नोकरी नव्हती, लागली. जिथे बदल नाही, नुसती स्थिती आहे, तिथे गेट नाही. 'मला गाणी आवडतात' यात काही नवीन घडलं नाही, तिथे सरळ 'लाइक'. 'मला वाटतं' तिथे 'थिंक'. 'मला पोहता येतं' तिथे 'कॅन'.

हाच फरक 'अॅम' आणि 'गेट' मधे. "आय अॅम टायर्ड" म्हणजे मी दमलेली आहे, आत्ताची अवस्था. "आय गॉट टायर्ड" म्हणजे मी दमले, चालता चालता कुठेतरी ते घडलं. आपल्या 'आहे' आणि 'झालं' सारखंच. आमच्या काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं की मग "आय अॅम गेटिंग टायर्ड" म्हणजे काय, तर म्हणजे दमायला लागलोय, अजून पूर्ण दमलो नाही. त्यानंतर ते दर रविवारी अर्ध्या तासाने हे वाक्य म्हणतात.

युक्ती शंभर टक्के चालत नाही हेही सांगते. मला स्वप्न पडलं, याला गेट नाही, "आय हॅड अ ड्रीम". मला घाम आला, यालाही नाही. मला दिसलं, मला ऐकू आलं, यांना त्यांची स्वतःची क्रियापदं. अशी अपवादाची वाक्यं सापडली की वहीत वेगळ्या पानावर लिहायची.

आणि 'लागणे' कडे जरा बघा. परदेशी माणसाला मराठी शिकवायची वेळ आली की त्याला घाम फुटतो कारण आपल्याकडे भूक लागते, नोकरी लागते, फोन लागतो, नाद लागतो, वेळ लागतो, आणि कशेडी घाटात बसही लागते. एवढं सगळं आपण लहानपणी न घोकता शिकलो. तसंच त्यांचं गेट आहे. बस लागली याचं इंग्रजी काय? "आय गॉट कारसिक." इथेही गेटच निघालं.

पायरी ३: गेटच्या पुढे कोण बसलंय ते बघा

गेटचा अर्थ गेटमधे नाही, त्याच्या पुढच्या शब्दात आहे. म्हणून वाक्य ऐकलं की पुढची जागा बघायची, रेल्वेचा डबा बघतो तशी.

पुढे वस्तू किंवा नाम असेल तर आपलं शाळेतलं 'मिळणे' किंवा त्याच्या जवळपासचं काहीतरी. पत्र मिळालं, पगार झाला, ऐंशी टक्के पडले, सगळीकडे गॉट. विकत घेणेही यातच येतं, "व्हेअर डिड यू गेट धिस सारी?" म्हणजे कुठून घेतलीस. आणून देणेही, "कुड यू गेट मी सम वॉटर?" इथे नुसतं "गेट मी वॉटर" म्हणालात तर तो हुकूम होतो, हॉटेलात वेटरलासुद्धा तसं म्हणू नये. दाराची बेल वाजली आणि घरातलं कोणी ओरडलं "आय'ल गेट इट" तर त्याला काही मिळणार नाहीये, तो दार उघडायला जातोय. फोन वाजला तरी तेच.

पुढे विशेषण असेल तर 'होणे'. गेटिंग लेट, गेटिंग डार्क, गेटिंग कोल्ड, गेट वेट म्हणजे भिजणे, गेट लॉस्ट म्हणजे रस्ता चुकणे. (हेच कोणाच्या तोंडावर नुसतं "गेट लॉस्ट!" म्हणालात तर ते 'चालता हो' होतं, जपून.)

इथे एक मोठा खड्डा आहे. होणे म्हटलं की आपण डॉक्टर होणे, इंजिनिअर होणे यालाही गेट लावतो. नाही चालत. विशेषणाला गेट, पण नामाला 'बिकम'. "शी गॉट अ डॉक्टर" म्हणालात तर त्याचा अर्थ तिने डॉक्टर बोलावून आणला असा होईल, आणि तिच्या आईला ऐकू गेलं तर तिला वाटेल की स्थळ जमलं. ती डॉक्टर झाली असेल तर "शी बिकेम अ डॉक्टर".

सगळ्या विशेषणांनाही गेट आवडत नाही. दूध नासलं तर "द मिल्क वेंट बॅड", टक्कल पडलं, आंधळा झाला तरी 'वेंट'. रंग बदलला किंवा वयाचा एखादा आकडा गाठला की 'टर्न', लालेलाल झाला तर "टर्न्ड रेड", चाळिशी गाठली तर "टर्न्ड फॉर्टी". याला नियम विचारू नका, जे ऐकाल ते लिहून ठेवा.

पुढे जागा असेल तर 'पोचणे'. "आय गॉट टू द स्टेशन अॅट नाइन." पण घर, इथे, तिथे यांच्या आधी 'टू' नाही: गेट होम, गेट हिअर, गेट देअर. 'रिच' वापरलंत तर कुठेच टू नाही, 'रिच टू स्टेशन' ही आपली खास निर्मिती आहे. आणि मघाचं "आय'म गेटिंग देअर", तो कुठे जात नव्हता, त्याचं काम 'होत आलंय' एवढंच म्हणत होता.

पुढे 'टू' आणि क्रियापद असेल तर इथे मराठी अगदी चपखल बसते. आय गॉट टू सी द मॅच: मला मॅच बघायला मिळाली. बघायला मिळणे, खायला मिळणे, बोलायला मिळणे, जसंच्या तसं. हे वाक्य शिकवताना मला काही शिकवावंच लागत नाही.

करून घेणे

याला वेगळं शीर्षक दिलंय कारण मराठी माणूस इथे हमखास अडकतो, आणि त्याचं कारण आपल्या भाषेत आहे.

आपण म्हणतो, 'मी केस कापले'. कापले कोणी? सलूनवाल्याने. 'मी ब्लाउज शिवला', शिवला टेलरने. 'घर रंगवलं', 'गाडी धुतली', 'दाढ काढली'. मराठीत हे चालतं, ऐकणाऱ्याला कळतं की तू स्वतःची दाढ स्वतः नाही काढलीस. पण इंग्रजीत "आय कट माय हेअर" म्हणालात की समोरच्याला वाटतं ही आरशासमोर कात्री घेऊन उभी होती. "आय पुल्ड आऊट माय टूथ" ऐकून तर तो घाबरेलच.

तिथे हवं: आय गॉट माय हेअर कट. आधी गॉट, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. हा क्रम पक्का. आय गॉट माय बीपी चेक्ड. वी गॉट द हाऊस पेंटेड. आय नीड टू गेट माय फोन फिक्स्ड. तुम्ही स्वतः केलंत तर साधं वाक्य, दुसऱ्याकडून करून घेतलंत तर हा साचा. आठवडाभर फक्त एवढंच करा: दिवसभरात दुसऱ्याकडून काय काय करवून घेतलं ते रात्री या साच्यात लिहा. झेरॉक्स, इस्त्री, पंक्चर, गॅसची शेगडी, केवढीतरी यादी होते.

दुसऱ्या माणसाला करायला लावणं यालाही गेट आहे, पण मग माणसाच्या पुढे 'टू' येतो: आय गॉट हिम टू साइन द फॉर्म. यात थोडी मनधरणी आहे, गळ घातली, पटवलं, मागे लागले तेव्हा कुठे सही केली. 'मेक' वापरलंत तर जबरदस्ती होते आणि 'टू' गळतो, आय मेड हिम साइन. माझ्या सासूबाईंनी सासऱ्यांना चालायला जायला लावलं ते गेटने की मेकने यावर एकदा बॅचमधे पंधरा मिनिटं चर्चा झाली. निकाल: सुरुवात गेटने, शेवट मेकने.

'केलं गेलं' वालं गेट

ही गॉट ट्रान्सफर्ड, त्याची बदली झाली. शी गॉट सिलेक्टेड, तिचं सिलेक्शन झालं. दे गॉट कॉट, पकडले गेले. इथे 'वॉज' पण चालतं, "ही वॉज ट्रान्सफर्ड", ते जरा कागदोपत्री वाटतं आणि गेट बोलण्यातलं. घटना असेल, एकदम घडलेली, चांगली किंवा वाईट, तर गेट छान बसतं. 'हा पूल अमुक साली बांधला गेला' अशा शांत माहितीच्या वाक्याला मात्र गेट लावू नका, तिथे 'वॉज' च.

लग्नाचंही हेच: वी गॉट मॅरीड इन २०११. 'गॉट मॅरेज' नाही. आणि कोणाशी हे सांगताना 'विथ' नाही, 'टू': शी गॉट मॅरीड टू अ टीचर, किंवा सरळ शी मॅरीड अ टीचर. मराठीतल्या 'शी' चा आपण विथ करतो, म्हणून ही चूक.

पायरी ४: 'हॅव गॉट', जे गेट असून गेट नाही

आय हॅव गॉट टू ब्रदर्स. म्हणजे भाऊ मिळाले नाहीत, आहेत. इथे बदल वगैरे काही नाही, हा 'आहे' चा बोलण्यातला अवतार आहे, ब्रिटिश लोक जास्त वापरतात. फक्त वर्तमानात. भूतकाळात 'हॅड'. अमेरिकन माणसाकडे मात्र इथे सोय आहे: "आय हॅव गॉट अ कार" म्हणजे गाडी आहे, "आय हॅव गॉटन अ कार" म्हणजे गाडी घेतलीये.

आणि 'हॅव गॉट टू' म्हणजे केलंच पाहिजे. आय हॅव गॉट टू गो, निघायलाच हवं. घाईत त्याचं 'गॉटा' होतं. यातला हॅव खाल्ला की उरतं "आय गॉट टू गो", आणि ते 'मला जायला मिळालं' सारखंही दिसतं! बोलताना संदर्भावरून कळतं, पण तुम्ही लिहिताना हॅव खाऊ नका.

पायरी ५: छोटे शब्द, मोठे अर्थ

गेटला ऑन, ऑफ, ओव्हर, बाय असे छोटे शब्द चिकटले की अर्थ पार बदलतो. पुस्तकांत याची पानभर यादी असते. ती पाठ करू नका, मी केली होती, काही उरलं नाही. त्यापेक्षा ज्याला आपल्याकडे अस्सल मराठी जोडीदार आहे ते आधी घ्या, ते विसरायला होत नाही.

फोन लागला नाही: आय कुडन्ट गेट थ्रू. गेट थ्रू म्हणजे पार पडणे, फोनही पार पोचला, कामही पार पडलं. मघाच्या त्या माणसाचं वाक्य आता लावून बघा: हे काम पार पडलं की तुम्हाला कळवतो, होत आलंय. गेट बॅक टू म्हणजे उलट निरोप देणे. एवढं साधं होतं, आणि मी घाबरले होते.

त्यांचं पटत नाही: दे डोन्ट गेट अलाँग.

भागतंय कसंतरी: वी'आर गेटिंग बाय.

त्याला ते पचलं, म्हणजे लबाडी करून सुटला: ही गॉट अवे विथ इट. पचणे इतका नेमका शब्द दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल तर मला सांगा.

अंगवळणी पडलं: आय गॉट यूज्ड टू इट. यापुढे क्रियापद आलं तर त्याला आयएनजी लागतं, गॉट यूज्ड टू वेकिंग अप अर्ली. इथला टू हा मघाचा 'जायला मिळालं' वाला टू नाही म्हणून.

पिच्छा सुटला एकदाचा: आय फायनली गॉट रिड ऑफ इट.

सावरला नाही अजून: ही हॅजन्ट गॉट ओव्हर इट.

तुमचा रोख काय आहे? व्हॉट आर यू गेटिंग अॅट?

सवडच झाली नाही: आय नेव्हर गॉट अराउंड टू इट. माझं सर्वात लाडकं, कारण घरात कपाट आवरण्यापासून सगळ्याला लागू पडतं.

गाडीत चढण्या-उतरण्याचं वेगळं. ज्यात उभं राहता येतं, चालता येतं, तिथे ऑन आणि ऑफ: बस, लोकल, विमान, बोट. ज्यात वाकून शिरावं लागतं तिथे इन आणि आऊट ऑफ: कार, टॅक्सी, रिक्षा. टांग टाकून बसायचं असेल तर परत ऑन: सायकल, बाइक, घोडा. 

आणि 'गेट अप' म्हणजे अंथरुणातून उठणे, 'वेक अप' म्हणजे जाग येणे. सहाला जाग आली आणि सातला उठलो, आपल्या सगळ्यांचं हेच. मराठीतला 'गेटअप' म्हणजे नाटकातला वेश, मिशी, फेटा वगैरे, इंग्रजीतही पोशाखाला तसं म्हणतात पण जरा विचित्र, हसू येईल अशा पोशाखाला. कोणाच्या साडीला "नाइस गेटअप" म्हणू नका.

पायरी ६: आपल्या खास वस्तू

काही वाक्यं भारतात सगळे बोलतात, सगळ्यांना कळतात, मी त्यांना चूक म्हणणार नाही. पण बाहेरच्या माणसाशी बोलताना माहीत असावीत.

"दादरला गेट डाऊन कर." बाहेर गेट ऑफ. गेट डाऊन त्यांच्याकडे झाडावरून, भिंतीवरून, शिडीवरून. आणि "धिस वेदर इज गेटिंग मी डाऊन" म्हणजे या हवेने मन उदास झालंय.

"आय'म गेटिंग लेट." मला उशीर होतोय, या 'मला' ला आपण इमानदारीत गेट लावलं, माझीच युक्ती, आणि नेमकी इथे ती थोडी घसरते. ते लोक स्वतःला "आय'म लेट" किंवा "आय'म रनिंग लेट" म्हणतात आणि वेळेला "इट्स गेटिंग लेट".

"आय'म नॉट गेटिंग यू." तिकडे "आय डोन्ट गेट इट", किंवा जरा नीट बोलायचं असेल तर "सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट".

"आय गॉट टू नो की..." मला कळलं की, यासाठी "आय फाउंड आऊट" किंवा "आय हर्ड". गेट टू नो म्हणजे हळूहळू ओळख होणे, एखाद्या माणसाची.

आणि सगळ्यात धोक्याचं. "आय'ल गेट फ्रेश अँड कम." आपल्याला फ्रेश व्हायचंय, तोंड धुवायचंय. इंग्रजीत कोणाशी 'गेट फ्रेश' होणे म्हणजे अंगचटीला जाणे, नको ती सलगी करणे. मी हे एका मीटिंगच्या आधी ऑफिसच्या बाहेरून आलेल्या पाहुण्यांना सांगून बाथरूमकडे गेले होते, परत आले तर सगळे फारच गंभीर चेहऱ्याने चहा पीत होते. "फ्रेशन अप" म्हणा.

कुठे गेट नको

अर्ज, ऑफिसचं पत्र, प्रोजेक्ट रिपोर्ट. तिथे मिळालं ला रिसीव्ह, मिळवलं ला ऑब्टेन, झालं ला बिकम, पोचलो ला अराइव्ह. गेट चुकीचं नाही, घरच्या चपला घालून लग्नाला गेल्यासारखं दिसतं एवढंच. सहकाऱ्याच्या मेलला "गॉट इट, थँक्स" मस्त चालतं.

सराव

वही घ्या. रोज पाच 'मला' वाली वाक्यं लिहा जी तुम्ही खरंच दिवसभरात बोललात, पुस्तकातली नाही. समोर गेट लावून बघा. बसतंय का शंका आली की शिकणाऱ्यांसाठीची डिक्शनरी उघडा, ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन तिन्ही ऑनलाइन फुकट आहेत. मी कॉलिन्सची कोबिल्ड नावाची डिक्शनरी सुचवते कारण ती अर्थ तुकड्यात नाही तर पूर्ण वाक्यात सांगते, वाक्यच डोक्यात राहतं. डिक्शनरीत गेटची नोंद उघडून घाबरू नका, सगळं वाचायचं नाहीये, तुमच्या वाक्यासारखं एक उदाहरण शोधायचं आणि बंद.

आज एवढी करून बघा, उत्तरं लगेच खाली आहेत पण आधी हात लावू नका: मला तिकीट मिळालं नाही. आई, दार उघडते मी. काल पावसात भिजले. चष्मा बदलून घेतला. भावाला कसंबसं डॉक्टरकडे जायला तयार केलं. रिक्षातून उतरलो. मला मराठी येतं.

आय डिडन्ट गेट अ टिकेट. आय'ल गेट इट, आई. आय गॉट वेट इन द रेन. आय गॉट माय ग्लासेस चेंज्ड. आय गॉट माय ब्रदर टू सी अ डॉक्टर. वी गॉट आऊट ऑफ द रिक्षा. आणि शेवटच्यात गेट घातलंत का? मराठी आधीपासूनच येतं ना तुम्हाला, काही बदललं नाही, मग आय नो मराठी.